करवीरच्या तालमी आणि व्यायामाचे घटिकामान

कोल्हापुरास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे गाडीतून उतरावे, स्नान करून अंबाबाईचे दर्शन घ्यावे, दुपारी नवा राजवाडा पाहावा, सायंकाळी रंकाळ्याच्या काठी बसावे, आणि सवड असली तर दुसरे दिवशी जोतिबा किंवा पन्हाळा करून परतावे. या क्रमात तालमीस स्थान नसते. वास्तविक पेठ तेथे तालीम अशी या नगरीची स्थिती कित्येक पिढ्या होती, आणि देवळापासून फार दूर नव्हे अशा अंतरावर आजही पहाटेच्या अंधारात शड्डूचा आवाज उठतो. आम्ही यापूर्वी तीन वेळा करवीरक्षेत्री जाऊन आलो होतो. परंतु तालीम पाहण्याचा योग आला तो गेल्या मार्गशीर्षात, आणि तोही घरातील एका वादामुळे.

तो वाद असा. आमच्या धाकट्या बंधूंस मधुमेह असल्याचे दोन वर्षांपूर्वी निष्पन्न झाले. डॉक्टरांनी औषध दिले व नित्य व्यायाम करण्याविषयी बजावले. त्यावर बंधूंचे उत्तर ठरलेले असे : "व्यायाम करावयाचा तर निदान तासभर हवा. तेवढी सवड मला नाही. तूर्त राहू द्या." हे 'तूर्त' दोन वर्षे चालले आहे. उलटपक्षी आमचा नातू, वय वर्षे एकोणीस, सायंकाळी सात वाजता जिममध्ये जातो तो दहाच्या सुमारास परत येतो. त्याच्या वाटणीच्या पोळ्या झाकून ठेवण्यात सूनबाईंची रात्र जाते. गेल्या परीक्षेत त्याचे दोन विषय राहिले, आणि उजवा खांदा तर श्रावणापासून दुखतोच आहे. सारांश, एकाच छपराखाली एकास वेळ नाही म्हणून व्यायाम नाही, आणि दुसऱ्यास व्यायामापायी कशासच वेळ नाही! दिवाळीत या विषयावरून आवाज चढले. "बाबा, किती वेळ पुरे ते तुम्हीच एकदा ठरवा," असे सूनबाईंनी आम्हांस सांगितले. पस्तीस वर्षे वर्गात संस्कृत शिकविलेल्या माणसाने अशा प्रश्नास चरक-वाग्भट काढून बसावे हे ओघानेच आले. तेही आम्ही केले. परंतु ग्रंथाचे वचन घरच्या माणसांच्या गळी उतरत नाही, असा सर्वत्रांचा अनुभव आहे. म्हणून ज्यांनी जन्म या एकाच कामात घातला त्यांनाच विचारावे असे ठरवून आम्ही तिघेही महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो.

वाटेत कऱ्हाड लागते. येथून जवळच गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांचे शिक्षण कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात झाले, आणि परदेशगमनाच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत त्या प्रांतात अजूनही आदराने सांगतात. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचे घर गहाण टाकणारा प्राचार्य! आम्ही शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट नातवास सांगताना आमचा कंठ थोडा दाटून आला. नातू मात्र तोवर घोरू लागला होता.

कोल्हापूरच्या या मल्लविद्येस खरा राजाश्रय दिला तो शाहू महाराजांनी. १८९४ ते १९२२ ही त्यांची कारकीर्द. महाराज स्वतः कुस्ती खेळत. मल्ल कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रांताचा हे न पाहता त्यांनी पैलवान पदरी ठेविले. पंजाबचे नामांकित मल्ल येथे येऊन राहिले. १९०२ साली महाराज विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यावरून खासबागेच्या मैदानाची कल्पना त्यांस सुचली असे सांगतात. हे मैदान १९१२ साली पुरे झाले. जमीन खोलगट करून मधोमध हौदा, आणि सभोवार वर वर चढत गेलेली बसण्याची जागा, अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतील माणसासही मल्लाच्या पायाचा पेच स्पष्ट दिसतो. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, काळा इमाम, मठ ही तालमींची नावे कुस्तीशौकिनांच्या जिभेवर असतात. श्रीपती खंचनाळे, गणपत आंदळकर, मारुती माने हे हिंदकेसरी याच मातीशी संबंध राखून होते. पैकी खंचनाळे हे १९५९ सालचे पहिले हिंदकेसरी.

तथापि खोटे चित्र रंगविण्यात अर्थ नाही. पेठेपेठेतील अनेक तालमींत आज हौदा उरलेला नाही. नाव तालमीचे, फलक तालमीचा, आणि आत मंडळाची कचेरी किंवा गणपतीचे साहित्य. कोल्हापुरात फुटबॉलचे वेड मोठे. तेथील नामांकित संघ पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी नावे मिरवितात, हे पाहून परगावच्या माणसास नवल वाटते. मातीतला गडी चेंडूमागे धावू लागला, एवढाच याचा अर्थ. तोही व्यायामच आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही.

ज्या तालमीत आम्ही गेलो तेथे एका जुन्या विद्यार्थ्याने आगाऊ शब्द टाकून ठेविला होता. पहाटेचे पाच वाजले होते. थंडी बोचरी. ठेंगणे दार, वाकूनच आत जावे लागते. दोन पायऱ्या उतरल्यावर डाव्या हातास शेंदूरचर्चित मारुती, त्यापुढे तेवती समई, आणि मग एकदम तो वास. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू व कापूर मुरवितात. त्यांत पिढ्यानपिढ्यांचा घाम मिसळून जो गंध होतो त्यास आम्हांस शब्द सापडत नाही. दुर्गंधी तो खचित नव्हे. पावसाच्या पहिल्या सरीनंतरचे शेत आणि औषधांची कोठी यांच्या मधला कोठला तरी तो वास आहे.

वस्ताद सत्तरीचे, अंगाने अद्याप ताठ, कानांच्या पाकळ्या मल्लांच्या असतात तशा चुरगळून गाठाळलेल्या. हातात वेताची छडी; तिचा उपयोग मारण्याकडे थोडा व दाखविण्याकडे अधिक. "या मास्तर, बसा," एवढेच बोलून ते पुन्हा हौद्याकडे वळले. सुमारे वीस तरुण होते. बहुतेक सांगली, सातारा, सोलापूर, बीड या भागांतले शेतकऱ्यांचे मुलगे. तालमीतच राहतात, पाळीपाळीने आपले अन्न आपणच शिजवितात. प्रथम दोघांनी फावड्याने सारा हौदा उकरला, मग फळीने सारखा केला. ही मशागतच पाठ-खांद्यांस पुरेशी मेहनत होय. त्यानंतर मारुतीस व मातीस नमस्कार, आणि जोड्या लागल्या.

आम्ही मनगटावरचे घड्याळ उघडे ठेवून बसलो होतो. आमचा प्रश्नच तो होता. नातवाच्याच वयाचा एक मुलगा आम्ही हेरला आणि त्याच्यावर नजर ठेविली. तो पाच वाजून दहा मिनिटांनी हौद्यात उतरला आणि साडेसातास वर आला. या दोन तास वीस मिनिटांत तो सहा निरनिराळ्या गड्यांशी लढला. एकेक लढत सात-आठ मिनिटांची, फार तर दहा. मधल्या वेळात तो भिंतीस पाठ लावून उभा राही, अंगास कोरडी माती चोळी, आणि दुसऱ्यांची लढत डोळे न मिटता पाही. खऱ्या झुंजीचा वेळ आम्ही मांडला तो पाऊण तासाच्या थोडा पुढे गेला. पाहणाऱ्यास अडीच तास वाटणारी मेहनत अशी आत पाऊण तासाची निघते.

लढती आटोपल्यावर वस्तादांनी आमच्यासाठी चहा मागविला, स्वतः मात्र बदाम घातलेली थंडाई घेतली. आम्ही आमचा प्रश्न विचारला. ते हसले. "मास्तर, घड्याळ बघून मेहनत हुत न्हाई. गड्याचा दम बघायचा. नाकानं चाललाय तवर चालू दे. तोंड उघडलं की नवख्याला थांबवायचं. मुरलेल्याला त्याच्या म्होरं थोडं ढकलायचं, पर रोज न्हाई."

हे ऐकून आम्ही चकितच झालो. कारण सुश्रुताने अर्धबलाचे लक्षण सांगितले आहे ते हेच : व्यायाम करणाऱ्याच्या हृदयातील वायू मुखाशी येऊ लागला की त्याचे निम्मे बळ खर्ची पडले असे समजावे. पुढच्या ग्रंथकारांनी कपाळ, नाक, काखा व सांधे यांस घाम सुटणे आणि तोंडास कोरड पडणे ही चिन्हे त्यांत घातली. वाग्भटाची आज्ञाही अशी की बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यानेसुद्धा हिवाळ्यात व वसंतात निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. जो अति करतो तो हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, हा दृष्टांतही त्याचाच. यांपैकी एकानेही घटका-पळे सांगितली नाहीत. वस्तादांनी ग्रंथ पाहिलेला नाही, आणि सुश्रुताने कोल्हापूर पाहिलेले नाही. तरी दोघांचे माप एकच आहे.

"पण हे तर तोंडाने दम घेईपर्यंत लढतात," नातवाने शंका काढली. शंका रास्त होती.

"ह्यांचा धंदा हाय त्यो, पोरा," वस्ताद म्हणाले. "ही पोरं सकाळी लढत्यात, दुपारी झोपत्यात, सांजच्याला जोर-बैठका काढत्यात, नि रातच्याला नवाला आडवी हुत्यात. दुसरं काय काम न्हाई. तुजा धंदा काय?"

"शिकतो."

"मग? किती येळ करतूस मेहनत?"

"अडीच तास."

"अडीच तासात घाम किती येळ?"

नातू थोडा घुटमळला, पण प्रामाणिकपणे बोलला. यंत्र मोकळे होण्याची वाट पाहणे, मित्रांशी गप्पा, मोबाइल आणि आरशापुढची छायाचित्रे हे सारे त्या अडीच तासांत असते. वजन प्रत्यक्ष उचलण्याच्या साऱ्या मिळून वीस खेपा. एकेक खेप चाळीस सेकंदांची धरली तर वीस खेपांचे आठशे सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांच्या किंचित पुढे! आमचे बंधू मोठ्याने हसले. परंतु हसण्याचे कारण नाही. बळाच्या व्यायामात दोन खेपांमध्ये दोन-तीन मिनिटे विसावा घ्यावाच लागतो, एरवी स्नायूंस पुढल्या खेपेस जोर राहत नाही. तरी दोन मिनिटांच्या हिशेबाने एकोणीस विसाव्यांची अडतीस मिनिटे होतात. त्यांत अंग मोकळे करण्यास दहा मिनिटे मिळविली तर सगळे काम एका तासात उरकते. उरलेला दीड तास कोणी घेतला, हे आम्ही नातवास विचारले नाही. तोच हिशेब करीत बसला होता.

खांद्याविषयी वस्ताद अधिक गंभीरपणे बोलले. दुखऱ्या अंगाने ते कोणासही मातीत उतरू देत नाहीत. मग त्यांनी एक हकीकत सांगितली. एक मुलगा तीन महिने गावी राहून परत आला. गेलेला दम एका दिवसात भरून काढावा म्हणून त्याने कोणास न विचारता पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारल्या. तिसरे दिवशी मांड्या लाकडासारख्या झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली. त्यास ताबडतोब दवाखान्यात हलविले, शिरेतून सलाइन दिले, म्हणून मूत्रपिंडे वाचली. आधुनिक वैद्यकास हा विकार चांगला ठाऊक आहे. सवय नसता एकदम अतोनात श्रम केल्याने स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतील द्रव्य रक्तात उतरते व मूत्रपिंडांत अडकते. असा रंग दिसला तर घरगुती उपाय करीत बसू नये. हे आम्ही वाचकांस मुद्दाम सांगतो, कारण सुट्टीनंतर एकदम उत्साहाने व्यायामास लागणारी मुले आता घरोघर आहेत.

सुईचाही विषय निघाला. लवकर अंग भरावे म्हणून काही तरुण इंजेक्शने टोचून घेतात, असे नातवाने सांगितले. वस्तादांनी छडी जमिनीवर आपटली. "सुई घेणाऱ्याला माज्या मातीत पाय ठिवू देत न्हाई." ते एवढेच बोलले, आणि नातू पुढे कितीतरी वेळ गप्प होता.

बाहेरच्या कट्ट्यावर एक वृद्ध पैलवान उन्हात बसले होते. एके काळी पहाटेस हजार बैठका त्यांच्या नित्यातल्या होत्या. आता देह अवजड, गुडघे निकामी, आणि रक्तात साखर. आमच्या बंधूंनी आपणहून त्यांच्याजवळ बसकण मारली. समदुःखी माणसे एकमेकांस लगेच ओळखतात. "मेहनत सुटली साहेब, पर तोंड सुटलं न्हाई," म्हातारा म्हणाला. दूध, तूप, बदाम, मटण हा खुराक हजार बैठकांच्या हिशेबाचा. बैठका बंद झाल्या तरी ताट तेवढेच राहिले. तालमीच्या जीवनात ही खोच आहे खरी, आणि तिची वाच्यता वर्तमानपत्री लेखांत क्वचित होते. पैलवानास मेहनत कशी वाढवावी हे शिकवितात. चाळिशीनंतर ती हळूहळू कशी उतरवावी, अगदी न सोडता कशी राखावी, हे कोणी शिकवीत नाही. "आता काय करता?" असे बंधूंनी विचारले. "देवळापतूर चालतो. जाऊन येऊन ईस मिंटं. त्येनं साखर उतरली थोडी."

वीस मिनिटे! बंधूंनी आमच्याकडे पाहिले. त्या दिवशी दुपारी धर्मशाळेत आम्ही त्यांस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेले प्रमाण वाचून दाखविले. प्रौढ माणसाने आठवड्यात मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे करावा, किंवा जोरकस व्यायाम ७५ ते १५० मिनिटे. शिवाय स्नायूंस बळ देणारा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस तरी असावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा व्यायामही तीन दिवस करावा. पूर्वी निदान दहा मिनिटे सलग पाहिजेत अशी अट असे, तीही या वेळी काढून टाकली आहे. आमच्या जुन्या मापाने पाहता घटिका २४ मिनिटांची. रोज एक घटिका झपझप चालले तर आठवड्यास १६८ मिनिटे होतात. बंधूंचे 'निदान तासभर' कोठून आले, हे त्यांसही सांगता येईना.

येथे आम्ही वाग्भटाशी फारकत घेतो, हेही नमूद करावयास पाहिजे. बालक, वृद्ध व अजीर्णग्रस्त यांनी व्यायाम वर्ज्य करावा, असे तो म्हणतो. अजीर्णाविषयी त्याचे म्हणणे मान्य. वृद्धांविषयी आजचा अनुभव निराळा आहे. सत्तरीत माणूस पडून खुब्याचे हाड मोडते ते बहुधा पायांतील बळ व तोल गेल्यामुळे. आम्ही स्वतः संध्येनंतर बारा सूर्यनमस्कार सावकाश घालतो, त्यास सात-आठ मिनिटे लागतात, आणि सायंकाळी चालतो. सूर्यनमस्कार शाळाशाळांतून रूढ करण्यासाठी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जन्मभर खटपट केली. आमच्या वडिलांच्या पिढीने ते त्यांच्याच प्रेरणेने उचलले होते.

तिसरे प्रहरी खासबागेत गेलो. मैदान रिकामे होते. दोन कुत्री हौद्याच्या कडेस झोपलेली. वरच्या पायरीवर बसून नातवाने आम्हांस एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस नवी होती. मातीतल्या जुन्या कुस्त्या निकाली होईपर्यंत चालत. आजची आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांचा विसावा. म्हणजे ज्या सहा मिनिटांवर पदक मिळावयाचे, त्यांसाठी ही मुले घर सोडून वर्षानुवर्षे पहाटे चारास उठतात. "आजोबा, तो मुलगा मधल्या वेळात दुसऱ्यांची लढत बघत होता," नातू म्हणाला. "मी मोबाइल बघतो." यावर आम्ही काही बोललो नाही.

परतीच्या गाडीत दोघांनी आपापसांत ठरविले ते आमच्यापर्यंत सूनबाईंकडून पोहोचले. नातू आठवड्यातून चार दिवस, सात ते सव्वाआठ, मोबाइल घरी ठेवून जाणार. खांदा बरा होईपर्यंत वरच्या अंगाचे वजन बंद, आणि तो आधी अस्थितज्ज्ञास दाखवावयाचा. बंधू जेवणानंतर बारा-बारा मिनिटे दोन वेळा चालणार. हे लिहिताना दीड महिना झाला आहे. बंधूंचे तीन दिवस बुडाले, नातवाचा एक. पोळ्या गरम असतात.

ज्या वाचकांस तालीम पाहावयाची असेल त्यांनी हिवाळ्यात जावे आणि पहाटे पाचच्या सुमारास पोहोचावे. आठनंतर हौदा रिकामा होतो. वस्तादांची परवानगी आधी घ्यावी, पादत्राणे बाहेर ठेवावीत, आणि हौद्याच्या मातीत पाऊल टाकू नये. बरोबर काही न्यावयाचे झाल्यास पेढे नेऊ नयेत, बदाम न्यावेत. त्याच दिवसांत गुऱ्हाळेही चालू असतात. आम्ही पाच किलो गूळ आणला, त्यातला बंधूंस मात्र खडाही दिलेला नाही.